कृष्णधवल छायाचित्रातला मधला करडा

रविवारी सकाळी नागपूरच्या महाल भागात, इतवारीत किंवा सीताबर्डीच्या गल्ल्यांत कॅमेरे घेऊन फिरणारी तरुण मंडळी हल्ली नेहमी दिसतात, आणि संध्याकाळपर्यंत त्यांची कृष्णधवल चित्रे आपल्या फोनवर येऊन पोहोचलेली असतात. यांतल्या बऱ्याच चित्रांचे वळण एकसारखे असते: काळे ठार काळे, पांढरे पांढरेफटक, कडा धारदार, आकाश वादळी आणि सगळ्यावर ग्रेनचा, म्हणजे फिल्मवर दिसणाऱ्या रवाळ कणांचा, जाड थर. अशी चित्रे पाहणाऱ्याला थांबवतात हे मी मान्य करते. पण त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहिले की जाणवते की काळ्या आणि पांढऱ्याच्या मधले सगळे नाहीसे झाले आहे. भिंतीचा ओलसरपणा, धोतराची चूण, गालावरचा उतरता प्रकाश, या साऱ्या गोष्टी मधल्या करड्या छटांतच राहतात. प्रोसेसिंगची शैली हा आवडीचा प्रश्न आणि चित्राची तांत्रिक प्रत हा कॅमेऱ्याचा प्रश्न, अशी वाटणी सर्रास केली जाते. ती मला पटत नाही. शैलीसाठी आपण जे जे करतो, त्याची किंमत या मधल्या छटाच चुकवतात, आणि ती किंमत किती असेल हे शटर दाबण्याच्या क्षणी बऱ्याच अंशी ठरून गेलेले असते.

सुरुवात सेन्सरपासून करायला हवी. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर मुळात रंग ओळखत नाही. त्याच्या प्रत्येक बिंदूला आपल्यावर किती प्रकाश पडला एवढेच कळते. रंग मिळावा म्हणून त्या बिंदूंवर लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरांची जाळी बसवलेली असते. कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी योजलेल्या या जाळीचे पेटंट १९७६ सालचे आहे आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच रचना वापरतात. तिच्यात निम्मे बिंदू हिरव्याचे, पाव लालचे आणि पाव निळ्याचे असतात. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हिरव्याची १ कोटी २० लाख खरी मोजमापे मिळतात, तर लाल आणि निळ्याची प्रत्येकी फक्त ६० लाख. उरलेल्या जागा शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरल्या जातात. रंगीत चित्रात हा अंदाज खपून जातो. कृष्णधवल करताना मात्र आपण या तीन रंगांचे मिश्रण आपल्या मर्जीने बदलतो, आणि लाल किंवा निळ्यावर जितका भार टाकू, तितके आपण कमी मोजमापांवर आणि जास्त नॉइजवर, म्हणजे संकेतात मिसळलेल्या अनियमित ठिपक्यांवर, उभे राहतो. दिवसाच्या प्रकाशात हिरव्या बिंदूंना सर्वांत जास्त संकेत मिळतो आणि व्हाइट बॅलन्स साधण्यासाठी, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून, लाल आणि निळ्याला गुणून वाढवावे लागते. गुणताना त्यांच्यातला नॉइजही वाढतो. साध्या विजेच्या पिवळ्या दिव्याखाली निळ्याची अवस्था तर अधिकच केविलवाणी होते.

रंगीत चित्रातून करडा काढण्याची एकच योग्य रीत अशी काही नाही. एचडी चित्रवाणीच्या मानकात उजळपणा मोजताना हिरव्याला सुमारे ७२ टक्के, लालला २१ टक्के आणि निळ्याला ७ टक्के वजन दिलेले आहे, आणि आपल्या डोळ्याच्या संवेदनेशी ते बरेचसे जुळते. जिम्पसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रंग उतरवण्याचे पाचेक पर्याय समोर येतात, आणि प्रत्येकाचा करडा वेगळा असतो. लाइटरूममध्ये आठ रंगांचे आठ स्लायडर मिळतात. यांतला कोणताही पर्याय निष्पाप नाही. प्रत्येक वेळी आपण कोणता रंग कोणत्या रंगापेक्षा उजळ दिसावा याचा निर्णय करत असतो, मग तो समजून केलेला असो वा प्रीसेटच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तयार साच्याच्या, स्वाधीन केलेला असो.

नागपुरात हे समजून घ्यायला कळमन्याच्या बाजारात जावे. आंबिया बहाराची संत्री पावसाळ्यानंतर येऊ लागतात तेव्हा ढिगात पिकलेली केशरी फळे आणि देठाकडे हिरवट राहिलेली फळे एकत्र मिसळलेली असतात. डोळ्याला हा फरक लगेच दिसतो, कारण डोळा रंगावर वेगळेपण ओळखतो. पण सर्वसाधारण पद्धतीने करडा काढला की हिरवट फळ आणि केशरी फळ पुष्कळदा जवळपास एकाच छटेत येऊन बसतात, आणि सबंध ढीग एकसुरी होतो. इथे कॉन्ट्रास्ट वाढवून काही साधत नाही. सावल्या तेवढ्या गडद होतात आणि फळे तशीच एकमेकांत मिसळलेली राहतात. नारिंगी स्लायडर थोडा वर आणि हिरवा थोडा खाली नेला, की ढिगातला प्रत्येक दाणा सुटा होऊ लागतो. हे काम फिल्मच्या काळात लेन्ससमोर पिवळा किंवा नारिंगी काचेचा फिल्टर लावून होत असे. आता ते नंतर करता येते, एवढाच फरक. मात्र नंतर करता यावे यासाठी मूळ रंग शाबूत हवेत. केशरी आणि लाल वस्तूंवर कडक ऊन पडले की सेन्सरचा लाल भाग सर्वांत आधी भरून जातो आणि त्या फळाचा पोत बराचसा सपाट होतो. कॅमेरा मोनोक्रोम मोडमध्ये ठेवून रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, साठवण्याची सवय अनेकांना असते, मलाही आहे, कारण पडद्यावर करड्या छटा दिसल्या की रचना करणे सोपे जाते. पण त्या मोडमध्ये हिस्टोग्रामही, म्हणजे छटांच्या वाटपाचा आलेखही, करड्या चित्रावरून बनतो, आणि एकटा लाल रंग भरून गेल्याची वार्ता त्यात लपून राहते. म्हणून संत्री, गुलाल, भगवे फेटे किंवा लाल मिरच्या समोर असतील तेव्हा मी रंगीत मोडवर जाऊन तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम पाहते आणि मगच चित्र घेते.

याहूनही चांगला धडा मारबत, म्हणजे मिरवणुकीत काढला जाणारा बांबू-कागदाचा मोठा पुतळा, देते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी मारबत आणि पिवळी मारबत यांच्या मिरवणुका जुन्या नागपुरातून निघतात, आणि 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' या आरोळीने रस्ते भरून जातात. रंगीत चित्रात या दोघींचा भेद सांगावा लागत नाही. कृष्णधवलमध्ये मात्र पिवळीचे काय करायचे हा खरा प्रश्न आहे. पिवळा रंग लाल आणि हिरवा प्रकाश परत पाठवतो आणि निळा गिळून टाकतो. त्यामुळे डोळ्याशी जुळणाऱ्या वजनांनी करडा काढला तर पिवळी मारबत जवळजवळ पांढरी येते, आणि निळ्यावर भार टाकला तर ती काळीच्या जवळ जाऊन पोहोचते. एकोणिसाव्या शतकातल्या सुरुवातीच्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळ्याच प्रकाशाला प्रतिसाद देत असत. तशा प्लेटेवर या दोन्ही मारबतींचे चित्र घेतले असते, तर ओळखायला त्यांच्या आकाराशिवाय फारसे काही हाती उरले नसते. सर्व दृश्य रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आल्यानंतरच पिवळ्याला कृष्णधवल चित्रात त्याचा उजेड मिळाला. आज आपल्याकडे स्लायडर आहे, म्हणजे त्या सगळ्या प्लेटांचा इतिहास एका बोटाखाली आला आहे, आणि म्हणूनच तो जपून हलवायला हवा.

पिवळीला अगदी पांढरी करणे मला चुकीचे वाटते. ती पांढरी झाली की तिच्या अंगावरची रंगाची जाडी, कागदाचे जोड, बांबूच्या सांगाड्यावर बसलेल्या कागदाचे उंचसखलपण, हे सारे वरच्या टोकाला दाबले जाते आणि तिच्याभोवतीचे ढगाळ आकाशही तिच्यातच मिसळते. मी पिवळा स्लायडर किंचित खाली आणते. पण इथे एक अडचण आहे. पिवळ्याचा शेजारी नारिंगी, आणि माणसांच्या त्वचेचा रंग याच दोघांच्या दरम्यान पडतो. पिवळीला सावरायला गेले की तिच्यापुढे नाचणाऱ्या पोरांचे चेहरे काळवंडतात, आणि जिथे पिवळा संपून दुसरा रंग सुरू होतो तिथे करड्या छटेत खरबरीत, तुटक कड उमटते. स्लायडर जितका टोकाला जाईल तितकी ती कड ठळक होते. यावर उपाय म्हणजे सबंध चित्रासाठी सौम्य मिश्रण ठेवणे आणि मारबतीपुरता वेगळा मास्क करून तेवढ्याच भागाची छटा हाताने उतरवणे. त्याला वेळ लागतो. डार्करूममध्ये प्रिंट करणारे लोक एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या, प्रकाशात हाताची सावली धरून एखादा भाग फिकट ठेवीत आणि दुसऱ्या भागाला जास्त वेळ उजेड देऊन तो गडद करीत, ते काम याच जातीचे होते. काळी मारबत तुलनेने सोपी असे वाटते, पण तिचा तुकतुकीत काळा रंग ढगाळ प्रकाशात मोठ्या, मऊ चमकी दाखवतो आणि तिचे सगळे शिल्प त्या चमकींतच असते. तिला निव्वळ काळा ठोकळा करून टाकणारा प्रीसेट तिचा चेहराच पुसून टाकतो.

आकाशाबद्दल थोडे बोलायलाच हवे, कारण नाट्यमय काळे आकाश ही कृष्णधवल शैलीची जणू ओळख बनली आहे. लाल फिल्टर आकाश गडद करतो तो आकाश निळे असते म्हणून. अमेरिकेतील उंच पर्वतांवरच्या स्वच्छ, विरळ हवेत जी चित्रे काढली गेली, त्यांतले काळेशार आकाश खरोखरच गडद निळे होते. नागपुरात मे महिन्यात दुपारी आकाश धुळीने आणि धगीने पांढुरके झालेले असते. त्यात लाल, हिरवे आणि निळे जवळजवळ सारख्याच प्रमाणात असतात, आणि सारख्या प्रमाणाला वेगळे काढणारा फिल्टर अस्तित्वात नाही. तरीही निळा स्लायडर तळाशी ओढला, तर सॉफ्टवेअर जो काही थोडासा निळा सापडेल तो खरवडून काढते. मग आकाशात डाग दिसू लागतात, विजेच्या तारांभोवती आणि देवळाच्या कळसाभोवती पांढरी झालर उमटते, आणि जेपेग फाइलवर काम केलेले असेल तर छटांच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात, कारण ८ बिटच्या फाइलमध्ये करड्याच्या एकूण २५६ पायऱ्याच असतात आणि ताणले की त्यांच्यातली अंतरे उघडी पडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर हवा धुतलेली असते आणि रामटेकच्या गडावरून पाहिले तर ढगांच्या मागचा निळा खरोखर खोल असतो. त्या दिवसांत स्लायडर थोडासा हलवला तरी आकाश आपले आपण उतरते. मे महिन्यातले पांढरे आकाश मी पांढरेच ठेवते. ते आमच्या उन्हाळ्याचे खरे रूप आहे. हिवाळ्यात फुटाळ्यावर सकाळी धुके असते तेव्हा तर मी उलट निळ्याकडे थोडा भार देते, कारण धुके निळ्या प्रकाशात जास्त दाट दिसते आणि तलावापलीकडची झाडे एकामागे एक फिकट होत जातात.

आता त्वचेकडे येते, कारण माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास झोन पद्धत मांडली. तिच्यात निव्वळ काळ्यापासून निव्वळ पांढऱ्यापर्यंतच्या छटा शून्य ते दहा अशा झोनमध्ये विभागलेल्या आहेत, शेजारच्या दोन झोनमध्ये एका स्टॉपचे, म्हणजे दुप्पट उजेडाचे, अंतर आहे, आणि पाचवा झोन म्हणजे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारा मधला करडा. त्या पद्धतीत गोऱ्या माणसाची उन्हातली त्वचा सहाव्या झोनमध्ये ठेवायला सांगितली आहे आणि सावळी त्वचा पाचव्यात. विदर्भात उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाचा चेहरा पाचव्यात, कित्येकदा चौथ्यातही बसतो. हीच ती मधल्या करड्याची जागा, आणि झणझणीत कॉन्ट्रास्टच्या शैलीत हीच जागा सर्वांत आधी रिकामी केली जाते. एस आकाराचा तीव्र कर्व्ह, म्हणजे गडद छटा आणखी गडद आणि उजळ छटा आणखी उजळ करणारा वक्र, लावला की चौथ्या झोनमधला चेहरा तिसऱ्यात ढकलला जातो आणि डोळ्यांखालचा, हनुवटीखालचा भाग त्याच्याही खाली, काळ्यात बुडतो. मग त्या काळ्या चेहऱ्यात फक्त डोळ्यांची आणि दातांची पांढरी चमक उरते. माणसाला असे दाखवणे मला अनादराचे वाटते.

दुसऱ्या टोकाची खोडही तितकीच रुजलेली आहे. माणसांची त्वचा गोरी असो की काळी, तिची रंगछटा नारिंगीच्या पट्ट्यातच पडते. फरक असतो तो उजळपणाचा. त्यामुळे नारिंगी स्लायडर वर सरकवला की कोणताही चेहरा क्षणात उजळतो, आणि पोर्ट्रेटसाठी बनवलेल्या कित्येक प्रीसेटांत हा स्लायडर आधीच वर चढवून ठेवलेला असतो. लग्नाच्या अल्बममधला उजळपणा कृष्णधवलमध्ये अशा रीतीने शिरतो आणि त्याला कलात्मक म्हटले जाते. मी नारिंगी स्लायडर शक्यतो शून्याजवळ ठेवते. चेहरा उजळ करायचाच असेल तर तो प्रकाशाने करावा: माणसाला ओट्याच्या कडेला, छपराच्या सावलीत उभे करावे, समोरच्या उन्हातल्या भिंतीवरून परावर्तित होणारा प्रकाश त्याच्या गालावर येऊ द्यावा. सावळ्या त्वचेवर अशा प्रकाशाच्या फार देखण्या, रुंद चमकी पडतात. कपाळ, गालाचे हाड आणि नाकाचा कणा सहाव्या-सातव्या झोनपर्यंत चढतात आणि बाकीचा चेहरा आपल्या मूळ छटेत राहतो. गोऱ्या त्वचेपेक्षा या चेहऱ्यात छटांचा पल्ला मोठा असतो, आणि कृष्णधवल माध्यमाला याहून चांगला विषय कोणता असेल?

क्लॅरिटीच्या स्लायडरविषयीही माझी हीच तक्रार आहे. तो मधल्या छटांमधला स्थानिक कॉन्ट्रास्ट वाढवतो. दगडी भिंतीवर, गंजलेल्या पत्र्यावर त्याचा थोडा उपयोग होतो. म्हाताऱ्या हमालाच्या किंवा भाजीवालीच्या चेहऱ्यावर तो शंभरापर्यंत नेला, की प्रत्येक सुरकुती चिरेसारखी दिसू लागते, आणि माणसाच्या वयाचे आणि गरिबीचे प्रदर्शन मांडल्यासारखे होते. प्रतीच्या दृष्टीनेही ही फसवणूक आहे. तपशील वाढल्याचा भास होतो, प्रत्यक्षात कडांभोवती झालर येते आणि सौम्य उतार तुटतात.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जमणारा जनसागर हा याच्या नेमका उलट प्रश्न समोर ठेवतो. हजारो माणसे पांढऱ्या वस्त्रांत, मागे स्तूपाचा पांढरा घुमट, आणि ऑक्टोबरचे ऊन. सेन्सरचा प्रतिसाद सरळ रेषेत जातो: १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, त्यांतल्या ८,१९२ एकट्या सर्वांत वरच्या स्टॉपला मिळतात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, आणि असे करत सावल्यांच्या वाट्याला मोजक्याच उरतात. म्हणूनच जाणकार सांगतात की चित्र शक्य तितके उजळ घ्यावे आणि नंतर खाली आणावे. सल्ला योग्य आहे, पण त्याला एक कडा आहे. फिल्मचा प्रतिसाद वरच्या टोकाला हळूहळू वाकतो. त्या वक्राचा अभ्यास हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० मध्येच प्रसिद्ध केला होता. त्या वाकण्यामुळे फिल्मवर जास्त उजेड पडला तरी पांढरे कापड हळूहळू विरत जाते. सेन्सर तसा वाकत नाही. भरला की भरला, आणि त्यापलीकडच्या सुती साडीत विणही नाही आणि चूणही नाही. कितीही उत्तम सॉफ्टवेअर असले तरी तिथे करडा रंग ओतता येतो, कापड परत आणता येत नाही. मी अशा वेळी उन्हातल्या पांढऱ्या कापडावर स्पॉट मीटर, म्हणजे एका ठिपक्यापुरता उजेड मोजणारे मीटर, धरते आणि मीटर सांगतो त्यापेक्षा दोन स्टॉप जास्त उजेड देते. कापड सातव्या झोनमध्ये बसते, त्याच्या वर थोडी जागा शिल्लक राहते. छत्रीच्या सावलीतला चेहरा अशा वेळी तिसऱ्या झोनपर्यंत खाली जातो, पण आजचे सेन्सर कमी आयएसओवर, म्हणजे कमी संवेदनशीलतेच्या सेटिंगवर, एवढ्या सावलीतून भरपूर तपशील परत देतात, आणि तिथून त्याला मास्क लावून सावकाश वर आणता येते.

दीक्षाभूमीवर निळ्याचा प्रश्नही उभा राहतो, आणि तो केवळ तांत्रिक नाही. निळे ध्वज, निळ्या टोप्या आणि बाबासाहेबांच्या पुतळ्याचा निळा कोट या गर्दीत सगळीकडे असतात. डोळ्याच्या वजनांनी काढलेल्या करड्यात हा निळा फार गडद येतो, कारण निळ्याचे वजन ७ टक्केच आहे. पांढऱ्या गर्दीवर तो ध्वज काळ्या निशाणासारखा दिसतो. काळ्या निशाणाचा आपल्याकडे अर्थ निषेधाचा आहे, आणि त्या दिवसाचा भाव तो नव्हे. म्हणून निळा स्लायडर वर नेऊन ध्वज मधल्या करड्यात आणावा, असे मला वाटते. आकाशही त्याबरोबर उजळते, आणि मी ते उजळू देते. बाबासाहेबांची आपण पाहिलेली बहुतेक जुनी छायाचित्रे कृष्णधवल आहेत, तरी त्यांचा कोट म्हटले की निळाच आठवतो, कारण तो रंग आपल्याला पुतळ्यांनी आणि भिंतीवरच्या चित्रांनी दिला आहे. जिथे रंगालाच एवढा अर्थ आहे तिथे काही चित्रे मी कृष्णधवल करतच नाही.

नॉइज आणि ग्रेन यांच्यात गल्लत फार होते. फिल्मचा ग्रेन मधल्या छटांत सर्वांत जास्त दिसतो, गडद काळ्यात आणि कोऱ्या पांढऱ्यात तो जवळपास नसतो; सेन्सरचा नॉइज सावल्यांत सर्वांत जास्त असतो. १९५४ पासून ३५ मिमीमध्ये मिळू लागलेल्या कोडॅक ट्राय-एक्स फिल्मची नक्कल म्हणून सबंध चित्रावर सारखा शिंपडलेला ग्रेन त्यामुळे खोटा वाटतो, आणि मूळ नॉइजवर चढवलेला ग्रेन तर सावल्यांचा चिखल करतो. इतवारीत रात्री दुकानांच्या दिव्यांत जास्त आयएसओवर घेतलेल्या चित्रांत माझा क्रम असा असतो की रंगाचा नॉइज रॉ फाइल उघडतानाच, कृष्णधवल करण्यापूर्वी काढून टाकायचा, कारण लाल-हिरव्या डागांचे करड्यात मोठे, अनियमित ठिपके होतात आणि नंतर ते कशानेच जात नाहीत. उजळपणाचा नॉइज मात्र बहुतांशी तसाच राहू द्यायचा. तो बारीक आणि सारखा असतो, छपाईत आणखी बारीक होतो, आणि तो पुसायला गेले की माणसांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे होतात. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली रंगांचे स्लायडर जवळपास निरुपयोगी असतात, कारण तिथे मिसळायला दुसरे रंगच नसतात. अशा चित्रांत कर्व्ह आणि मास्क एवढ्यावरच भागवावे लागते.

या सगळ्या खटाटोपावर उपाय म्हणून रंगाची जाळीच नसलेले कॅमेरे आहेत. लायकाने २०१२ मध्ये १८ मेगापिक्सेलचा एम मोनोक्रोम आणला, आणि २०२३ मध्ये पेन्टॅक्सने के-३ मार्क ३ मोनोक्रोम. जाळी नसल्याने प्रत्येक बिंदूला जास्त प्रकाश मिळतो, अंदाजाने भरलेली मोजमापे राहत नाहीत, आणि जास्त आयएसओवरही नॉइज बारीक, सारखा आणि रंगरहित असतो. त्या फाइलींमधले करड्याचे उतार खरोखर सुंदर असतात. पण रंग नोंदलाच गेला नाही म्हणजे पिवळी मारबत आणि निळा ध्वज यांच्याबद्दलचा निर्णय शटर दाबण्यापूर्वी, काचेचा फिल्टर लावून घ्यावा लागतो, आणि गर्दीत मिरवणूक पुढे सरकत असताना फिल्टर बदलत बसणे कठीण. रंगीत सेन्सरमध्ये एखादा रंग भरून गेला तरी उरलेल्या दोन रंगांतून काहीसा तपशील सावरता येतो. इथे तोही आधार नाही. ज्यांचे काम मुख्यतः दगड, झाडे, धुके आणि मंद प्रकाशातली माणसे यांचे आहे, त्यांच्यासाठी हा कॅमेरा आदर्श आहे. माझ्या कामाला रंगाची जाळी हवी.

प्रतीची खरी परीक्षा कागदावर होते. २४ मेगापिक्सेलचे चित्र ६००० बाय ४००० बिंदूंचे असते आणि इंचाला ३०० बिंदू धरले तर २० बाय १३ इंचांचा प्रिंट सहज निघतो. एवढ्या आकारात झालर, तुटलेल्या कडा आणि आकाशातल्या पायऱ्या लपत नाहीत. फोनचा पडदा स्वतः उजेड देतो, म्हणून त्यावर दुसऱ्या झोनमधल्या सावल्याही उघड दिसतात. कागद फक्त खोलीतला उजेड परत पाठवतो, आणि मॅट कागदाचा काळा तर बॅराइटा या लेप दिलेल्या छायाचित्र-कागदाच्या काळ्यापेक्षा बराच फिकट असतो. त्यामुळे मॅट कागदासाठी मी वेगळी फाइल करते, तिच्यात सावल्या थोड्या वर घेते आणि मधल्या छटांमध्ये किंचित अंतर वाढवते. शार्पनिंगही शेवटी, प्रिंटचा आकार ठरल्यावर आणि त्या कागदाला मानवेल तेवढेच करते. रंगीत फोटोच्या रासायनिक कागदावर कृष्णधवल प्रिंट काढला की त्यावर हलकीशी हिरवी किंवा जांभळी झाक येण्याचा धोका असतो, कारण तिथला करडा तीन रंगद्रव्यांच्या तोलावर उभा असतो आणि तो तोल जरा ढळला तरी डोळा ते पकडतो. दोन-तीन वेगवेगळ्या करड्या शाई असलेल्या इंकजेट प्रिंटरवर, बॅराइटा कागदावर छापून घेतलेला प्रिंट महाग पडतो, पण त्यात चौथा, पाचवा आणि सहावा झोन एकमेकांपासून सुटे राहतात. आधी पाच-सहा इंचांची एक पट्टी छापून घ्यावी, तिच्यात चित्रातला एखादा चेहरा आणि एखादे पांढरे कापड दोन्ही येतील असा तुकडा निवडावा, ती पूर्ण वाळू द्यावी, आणि मग एकदा ट्यूबलाइटखाली आणि एकदा खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात पाहावी. दोन्ही ठिकाणी चेहरा जिवंत आणि कापड विणलेले दिसले, तर मोठा प्रिंट काढायला हरकत नाही.